सोमवारी आलेलं उत्तर

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती एकदमच. परवा सकाळी दाराची कडी काढताना लोखंड बोटांना चावलं आणि मनात आलं, आता ज्वारी दाण्यात आली असणार. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झालेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईला ज्वारीचं काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण काही हंगाम माणसाच्या अंगात राहतात. इथं सोलापुरात नव्या पेठेत चादर बघायला गेले होते. रिक्षांच्या हॉर्नमधून, सराफांच्या दुकानांसमोरून वाट काढत चालले होते आणि एका हातगाडीवर हिरव्या कणसांचा ढीग दिसला. बरोबर आलेल्या भाचीनं हौसेनं भाजलेला हुरडा घेतला, शेंगदाण्याच्या चटणीसकट कागदाची पुडी माझ्यापुढं धरली.

"मावशी, घे ना. गरम आहे."

"दात राहिले नाहीत गं," मी म्हटलं.

दात आहेत. सगळे नसले तरी हुरड्यापुरते आहेत.

आमच्याकडची रब्बीची ज्वारी मोठी मानी. पाऊस सरल्यावर ती पेरतात. नंतर आभाळाकडून तिला काही मिळत नाही. काळ्या जमिनीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढते. पौषात जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तरी वर कणीस भरत असतं. त्या दिवसांत सकाळी रानात गेलं की पानांवर दव असायचं, पातळाचा काठ भिजायचा, आणि वाऱ्यानं पानाला पान घासून एक कोरडी सळसळ चाललेली असायची. त्या आवाजानं मला तेव्हा आनंद व्हायचा. आता तो आठवला तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. शहराबाहेर, वळसंगच्या बाजूला, ज्वारीवर संशोधन करणारं एक लहानसं केंद्र होतं. मी तिथं टंकलेखिका म्हणून लागले होते, तात्पुरती. वडील गिरणीत मागावर होते. आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत टायपिंगचा वर्ग चालायचा, तिथं मी शिकले. वस्तीतून सरकारी कचेरीत खुर्चीवर बसायला गेलेली मी पहिलीच मुलगी. पहिल्या दिवशी आईनं माझ्या डब्यात शिरा दिला आणि गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आली. मी वळून बघितलं तर ती एकटी नव्हती, दहा-बारा बाया तिच्याबरोबर उभ्या होत्या.

त्याच वर्षी केंद्रात टेलेक्सचं यंत्र आलं. दिसायला टाईपरायटरसारखंच, पण अंगानं दांडगं. आपण अक्षर दाबलं की बाजूनं भोकं पडलेली कागदी पट्टी बाहेर यायची. मुंबईला सांगून परदेशची लाईन मागायची, ती लागली की पट्टी यंत्रात सोडायची. पट्टी खडखडत आत जायची आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठात आमचे शब्द उमटायचे. कापडवाल्या पेढ्यांकडे अशी यंत्रं होती, त्यात नवल नव्हतं. नवल पुढं होतं. ते बसवायला तिकडच्या एक शास्त्रज्ञ बाई दोन दिवस येऊन राहिल्या. डॉक्टर हेलन. उंच, उन्हानं लाल झालेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी मला शेजारी बसवून, कागदावर चौकोन काढून समजावलं. आमचा मजकूर तिथं कुणाच्या टेबलावर पडणार नव्हता. तो संगणकात जाणार होता. त्या संगणकात ज्वारीवर काम करणाऱ्या चार-पाच देशांतल्या माणसांच्या नावाच्या पेट्या होत्या. सोलापूरहून गेलेला आकडा आफ्रिकेतला माणूस त्याच्या पेटीत वाचणार, त्यावर त्याला काय वाटतं ते लिहिणार, आणि ते आमच्याकडं परत येणार. आज शेंबडं पोरही ज्याला ई-मेल म्हणतं, त्याला तेव्हा आमच्याकडं नाव नव्हतं. आमचे संचालक साहेब 'लिंक' म्हणायचे. सिद्रामप्पा 'तिकडलं पोष्ट' म्हणायचा.

सिद्रामप्पा हा रानातला माणूस. वळसंगचा, घरात कानडी बोलणारा, पन्नाशीला आलेला. पहारेकरी म्हणून लागला होता, पण त्याची नजर आणि शिस्त बघून वाफ्यांतली मोजणी त्याच्याकडं आली. ज्वारीची किती ताटं उभी, किती पडली, पान कुठून वाळलं, सगळं तो पेन्सिलीनं वहीत लिहायचा. शनिवारी वही घेऊन माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचा आणि एकेक आकडा वाचून दाखवायचा. माझा हात चुकला तर त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं.

"बाई, दोनदा दाबलं की तुमी."

दुपारी मी स्टोव्हवर चहा करायची. कचेरीतले बाकीचे लोक आपापला कप घरून आणायचे. कुणी काही बोलायचं नाही, फक्त माझ्या कपाला हात लावायचे नाहीत. सिद्रामप्पा पहिल्या दिवसापासून माझ्याच कपातून प्यायला. त्यानं त्यात काही मोठेपणा दाखवला नाही, म्हणून मला ते मोठं वाटायचं. पुढं एक दिवस त्यानं तो चहा सोडला. कचेरीतल्या लोकांना बरं वाटलं. "शेवटी घरच्यांनी दम दिला असणार," म्हणाले. मला धीर देणारेही निघाले. मी त्यांना तसंच समजू दिलं. खरं कारण जातीचं नव्हतं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आता सांगते.

त्या हंगामात केंद्राच्या नव्या वाणाची परीक्षा होती. कणीस केवढं, दाणा कसा मोत्यासारखा! साहेबांनी आठ वर्षं त्या वाणावर घालवली होती, हे खोटं नाही. मार्गशीर्षापर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं. दर शनिवारी संध्याकाळी मी आकडे पाठवायची, सोमवारी सकाळी खोली उघडली की यंत्राच्या तोंडातून कागद लोंबत असायचा. कुलूप काढतानाच मी फटीतून आत बघायची. प्रेमपत्र म्हणून मला आयुष्यात कधी आलं नाही, पण त्याची वाट बघणं कसं असतं ते मला ठाऊक आहे. हेलनबाई कामाचं लिहून झालं की खाली एखादी ओळ माझ्यासाठी टाकायच्या. तिकडं बर्फ पडलंय, तुमच्याकडं ऊन आहे का. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्याकडं मोजतो कोण? सगळ्या देशांत त्याचे आकडे सर्वांत नेटके असतात. मी सिद्रामप्पाचं नाव इंग्रजीत टाईप करून पाठवलं आणि त्याला सांगितलं.

त्यानं वही मिटली. "माजं नाव तिकडं गेलं? आमच्या गावच्या पोष्टात बी माजं पत्र कदी आलं न्हाय की."

जानेवारीत एका सकाळी तो शनिवार नसताना आला. हातात दोन ताटं, उभी चिरलेली. धाटाच्या बुडात पांढरा गर असायला हवा, तिथं नुसत्या वाळक्या दोऱ्या होत्या आणि त्यांच्यावर काळी पूड, चुलीतल्या काजळीसारखी.

"खडखड्या," तो म्हणाला. "वरनं कणीस भरल्यालं दिसतंय, आत काय बी न्हाय. वारं आलं की झोपतंय. निम्मी ताटं आडवी झाल्यात, बाई."

"आपल्या जुन्या ज्वारीलाही?"

"जुनी उभी हाय. मुरमाच्या वाफ्यात नवी पडली तवा मी म्हनलं जिमिनीचा दोष. आता उथळ काळ्या रानात बी पडाय लागलीया. नक्की कशानं, ते तिकडल्यांना इचारा की."

त्या शनिवारी मी आकडे जसेच्या तसे पाठवले आणि त्याचा प्रश्नही पाठवला.

सोमवारी कागद नेहमीपेक्षा लांब होता. वर हेलनबाईंच्या दोन ओळी होत्या आणि खाली आफ्रिकेतल्या एका माणसाचा मजकूर. त्याच्या देशाचं नाव मी फक्त शाळेच्या नकाशात वाचलं होतं. आमचे आकडे त्यानं रविवारी वाचले होते. त्यानं लिहिलं होतं की याच वाणाचं बी त्यांनी दोन वर्षांपूर्वी लावलं, आणि जमीन चांगली असूनही कोरड्या हिवाळ्यात ते असंच झोपलं. दोष जमिनीचा नाही, ताटाचा आहे. आणखी दोन कोरडे हिवाळे बघितल्याशिवाय हे बी शेतकऱ्यांच्या हाती देऊ नका, अशी माझी विनंती आहे. आमच्याकडं आम्ही दिलं होतं.

मी तो कागद उभ्यानंच दोनदा वाचला. कोण कुठला माणूस, त्यानं आमचं रान बघितलं नाही, आमची भाषा ऐकली नाही, आणि दोन दिवसांत तो आमच्यासाठी धावून आला होता. हे यंत्र कशासाठी बसवलंय ते मला त्या क्षणी कळलं. माझ्या नोकरीतला तो सर्वांत मोठा क्षण. त्याचं आयुष्य दहा मिनिटांचं होतं, कारण दहा मिनिटांनी मी साहेबांच्या खोलीत होते.

साहेब मोठ्यानं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि मला बसायला सांगितलं. त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसत होते.

"कुणाला दाखवलंत?"

"नाही, सर."

"पंधरा दिवसांवर नव्या वाणाच्या घोषणेचा कार्यक्रम आलाय. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतील, पत्रिका गेल्यात. आता आफ्रिकेतल्या कुणाच्या सांगण्यावरून वाण मागं घ्यायचं?"

"सर, सिद्रामप्पानं ताटं चिरून बघितलीत."

"सिद्राम पहारेकरी म्हणून लागलाय. शास्त्रज्ञ म्हणून नाही." त्यांनी पेन उघडलं. मग कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहून माझ्यासमोर सरकवल्या. शनिवारचे आकडे मोजणाऱ्याच्या चुकीमुळे सदोष गेले आहेत, सुधारित आकडे पुढीलप्रमाणे. जिथं निम्मी ताटं आडवी होती, तिथं त्यांनी दहातलं एक केलं होतं.

"हे आजच जाऊ दे. आणि ही गोष्ट या खोलीबाहेर नको." मी उठले तेव्हा ते म्हणाले, "शांताबाई, तुम्हाला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे. धमकी समजू नका. माहीत असावं म्हणून सांगतोय."

लोक विचारतील, मग तुम्ही काय केलंत? मी टाईप केलं. एक अक्षरही चुकलं नाही. पट्टी आत जायला तीन मिनिटंही लागली नसतील. त्या वेळात मी आईचा विचार करत होते, गल्लीच्या टोकाला उभ्या राहिलेल्या त्या बायांचा विचार करत होते. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं, की मी ते त्यांच्यासाठी केलं. त्यातल्या एकीनंही मला तसं सांगितलं नव्हतं.

खरा कागद मात्र मी फाडला नाही. साहेबांनी तो टेबलावरच ठेवला होता. फायली आवरताना मी तो उचलला आणि घरी नेऊन पुस्तकात ठेवला. तेवढ्यानं आपण चांगल्या आहोत असं मला वाटलं होतं.

दुपारी सिद्रामप्पा येऊन उंबऱ्यावर बसला. "आलं का उत्तर?"

"आलं."

"काय म्हनत्यात?"

त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्या कागदावरचं त्याच्यापर्यंत पोचवायला मी सोडून दुसरं कुणीच नव्हतं.

"ठीक आहे म्हणतात," मी म्हटलं. "जमिनीचा दोष असेल म्हणतात."

"मी म्हनलंच हुतं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा घोर उतरला. "लई ब्येस झालं. मंग पुढच्या सालाला भावाला सांगतो. आमचं रान काळं हाय, गुडघाभर. बी मिळंल न्हवं आपल्याला?"

"मिळेल की," मी म्हटलं.

पुढच्या सोमवारी हेलनबाईंचं उत्तर आलं. सुधारित आकडे मिळाले, जीव भांड्यात पडला, असं काहीसं. आफ्रिकेतल्या त्या माणसाला मात्र पटत नव्हतं, तो पुन्हा मोजायला सांगत होता. आणि खाली माझ्यासाठी नेहमीसारखी एक ओळ: तुमच्या मोजणाऱ्याला रागावू नका, चुका सगळ्यांच्याच होतात. तो समोर उंबऱ्यावर बसला होता. त्यानं विचारलं, काय लिवलंय? मी म्हटलं, बर्फ पडलंय तिकडं.

कार्यक्रम झाला. मांडव, हारतुरे, भाषणं. यंत्राच्या खोलीत पाहुण्यांना आणलं, मला यंत्रापाशी बसवून फोटो काढला. परदेशाशी थेट जोडलेलं केंद्र म्हणून वर्तमानपत्रात आलं. विज्ञानाला आता सीमा राहिल्या नाहीत, असं कुणीतरी भाषणात म्हणालं, टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. चैत्रात मला कायम केल्याचा कागद मिळाला. आईनं वस्तीत पेढे वाटले. सिद्रामप्पालाही मी पेढा दिला आणि त्यानं तो अर्धा खाऊन अर्धा नातवासाठी बांधून नेला.

पुढचा पाऊस जेमतेम झाला. बी वाटलं गेलं. वळसंगच्या बाजूला बऱ्याच जणांनी पेरलं, सिद्रामप्पाच्या भावानं आपलं सगळं रान त्याखाली घातलं. त्या सबंध थंडीत मी त्याला रोज विचारायची, "कशी आहे ज्वारी?" आणि तो म्हणायचा, "झ्याक हाय की." मला वाटायचं, आफ्रिकेतला तो माणूस चुकला असेल. मी मनापासून देवाधर्माची कधी नव्हते, पण त्या थंडीत मी विहारात बसून तेवढंच मागत होते, की तो चुकलेला असू दे.

जानेवारीत दोन दिवस वारा सुटला. तिसऱ्या दिवशी सिद्रामप्पा कामावर आला नाही. दुसरा पहारेकरी म्हणाला, त्याच्या भावाचं रान झोपलंय. एकट्याचं नाही, त्या अंगाची सगळीच नवी ज्वारी.

तेव्हा मी एक गोष्ट केली. साहेब दौऱ्यावर होते. कुणाला न विचारता मी मुंबईची लाईन मागितली आणि विद्यापीठाला मजकूर पाठवला. गेल्या वर्षी आधी गेलेले आकडे बरोबर होते. नंतरचे खोटे होते. मोजणाऱ्याची चूक नव्हती. खाली माझं पूर्ण नाव टाकलं. नोकरी जाईल म्हणून मनाची तयारी केली होती. नोकरी गेली नाही. आठवड्यानं उत्तर आलं, अनोळखी नावाचं. डॉक्टर हेलन आता या विद्यापीठात नाहीत. त्या हंगामाची नोंद पूर्ण होऊन बंद झाली आहे. आपल्या आस्थेबद्दल आभार. हा कागद साहेबांनी वाचला, माझ्याकडं बघितलं आणि परत दिला. आता त्यांना भिण्यासारखं काही राहिलं नव्हतं. थोड्याच दिवसांत ते वरच्या जागेवर पुण्याला गेले.

ते उत्तर आल्यावरच्या रविवारी मी सगळे कागद पिशवीत घालून एसटीनं वळसंगला गेले. फाट्यावर उतरून विचारत विचारत रानात पोचले. त्या रानाकडं बघवत नव्हतं. एवढी माणसाच्या डोक्यावरची ज्वारी, कुणी वरून हात फिरवावा तशी एका दिशेला आडवी. कणसं मातीत, त्यांना उंदीर लागलेले, दाणे काळे पडलेले. सिद्रामप्पा, त्याचा भाऊ आणि भावजय वाकून ताटं गोळा करत होती. कडब्याच्याही कामाची नव्हती ती, हातात धरली की पोकळ वाजायची.

मला बघून तो बांधावर आला. "बाई? तुमी हितं कशा?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. पहिला कागद काढून ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवला. साहेबांच्या चार ओळी सांगितल्या, ते मीच टाईप केल्याचं सांगितलं, तुमच्या चुकीमुळं असं लिहिलं तेही सांगितलं. मग घाईघाईनं, जणू त्यासाठीच आले होते, मी दुसरा कागद काढला, आता तिकडं पाठवलेल्या मजकुराची प्रत. म्हटलं, "सिद्रामप्पा, आता तिकडं मी खरं कळवलंय. तुमची चूक नव्हती म्हणून लेखी कळवलंय. माझ्या नावानं."

त्यानं पहिला कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला. "ह्ये कवा आल्तं?"

"गेल्या साली. जानेवारीत."

"त्या सोमवारी?"

"हो."

लांबून भावानं कानडीत काहीतरी विचारलं, त्याला त्यानं हातानं थांब म्हटलं.

"तिकडं तुमी काय लिवलं त्येचं मला काय न्हाय, बाई," तो म्हणाला. "सायबानं लिवाय लावलं, तुमी लिवलं. पोटाला नोकरी लागती, मला कळतंय. आनि तिकडल्या मान्सास्नी मी बरोबर हुतो का चुकलो, त्येनं माजं काय हुनार हाय? ती काय माज्या रानात येनार न्हाईत." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पर मी तुमच्याम्होरं बसलो हुतो की. दहा हातावर. मला इंग्रजी न्हाय येत, मराठी येतंय न्हवं? मला नुस्तं म्हनायचं हुतं, सिद्रामप्पा, घरी पेरू नगंस. दुसऱ्या कुनाला कळलं नसतं."

तो कागद त्यानं नीट घडी करून माझ्या पिशवीत घातला आणि विळा उचलला. दोन पावलं जाऊन थांबला.

"एष्टी साडेचारला हाय," म्हणाला. "फाट्यावर जरा आदीच जावा, बसाय जागा मिळंल."